तक्त्यात आलेलं नाव

“मला विचारा की,” नलवडे म्हणाले. “या घरात पिणारा मी आहे. बायको काय सांगणार तुम्हाला?”

ते फाटकाच्या आत उभे होते, मी बाहेर. फेब्रुवारी संपत आला होता आणि सांगलीचं ऊन साडेदहालाच अंगाला चिकटायला लागलं होतं. त्या सकाळचं ते माझं सहावं घर. आधीच्या पाचांपैकी दोघांनी कडी न काढताच हात हलवून परत पाठवलं होतं. एका बाईने मला डासांची फवारणी करणारी समजून मोरी दाखवली होती. एका म्हाताऱ्याने सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि प्रत्येकाला ‘दारू वाईटच’ एवढं एकच उत्तर दिलं. पाय दुखत होते. स्वतःहून सांगतो म्हणणारा माणूस महिन्यातून एखादा भेटायचा.

पण मला त्यांना विचारता येत नव्हतं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतल्या एका वैद्यकीय कॉलेजने पाहणी काढली होती. शहरातली माणसं किती दारू पितात आणि त्यांच्या लिव्हरची काय अवस्था आहे, हे त्यांना बघायचं होतं. घरोघर जाऊन फॉर्म भरायला आम्हा आठ बायकांना अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांची नावं वेगळ्या कागदावर वयाच्या क्रमाने लिहायची, फॉर्मवर छापलेल्या तक्त्यात बघायचं आणि ज्याचा नंबर येईल त्यालाच विचारायचं. तो पिणारा असो, नसो. बदली माणूस चालत नाही. विश्रामबागेतल्या या घरात दोनच माणसं होती. दत्ताजीराव नलवडे, वय एकसष्ट, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनी, वय चोपन्न. तक्त्यात बाईंचं नाव आलं होतं.

मी हे समजावून सांगितलं. त्यांनी हसत हसत पुन्हा तेच म्हटलं. मग शेजारच्या बंगल्याकडे मान वळवून, तिकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की सगळ्या कॉलनीला विचारा, नलवडे रोज संध्याकाळी दोन पेग घेतो की नाही. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, कोणीतरी ऐकणारं हवंय. पण मी फाटकावरून हलत नाही म्हटल्यावर त्यांचं हसणं ओसरलं.

“तिला बरं नसतं,” ते म्हणाले. “संध्याकाळी पाचला या.”

पाचला गेले तर काकू बाहेरच्या खोलीत तयार बसल्या होत्या. उंच बाई, इस्त्रीची सुती साडी, तोंडाला पावडर जरा जास्तच. बोलणं सावकाश आणि नीटनेटकं. नलवडे त्यांच्या शेजारीच बसले. प्रश्न विचारताना दुसरं कोणी जवळ असायला नको, असा आमचा नियम होता. मी तीनदा सुचवलं. तिसऱ्यांदा ते पाणी आणायला म्हणून आत गेले आणि लगेच तांब्या घेऊन परत आले. दारूचा प्रश्न आला तेव्हा काकूंच्या आधी त्यांनीच उत्तर दिलं.

“लिहा, कधीच नाही.”

काकूंनी मान डोलावली. मी ‘कधीच नाही’समोर खूण केली. त्या वयाच्या बहुतेक सगळ्या बायका त्याच रकान्यात असायच्या, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. फॉर्म मिटला, चहा घेतला. फाटकापर्यंत सोडायला काकू एकट्याच आल्या. कडी लावताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उद्या बाराला ये. हे मळ्यावर असतात. एक उत्तर चुकलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. माझ्यासाठी खुर्ची आधीच आणून ठेवली होती. नलवड्यांचा कवलापूरला वीस गुंठ्यांचा तुकडा होता आणि ते रोज अकराला डबा घेऊन स्कूटरवर जायचे ते चारला परत यायचे, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्या पिशवीकडे बोट करून म्हणाल्या, “काल ते चित्रांचं कार्ड होतं तुझ्याकडे. दाखव.”

कार्डावर ग्लास, क्वार्टर, हाफ, पूर्ण बाटली अशी चित्रं होती. लोकांना माप सांगायला सोपं जावं म्हणून ते असायचं. त्यांनी क्वार्टरवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं.

“ही. रोज. कधी याच्यावर थोडी.”

अशा वेळी चेहरा हलू द्यायचा नाही, हे आम्हाला शिकवलं होतं.

“आज तू येणार म्हणून अजून घेतलेली नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून हात असा होतोय. सकाळी वाटलं, घ्यावी थोडी. मग म्हटलं, खरं सांगायचंय तर कोरड्या तोंडानेच सांगावं.”

मी फॉर्म उघडला. त्यांनी एकेक उत्तर दिलं. पूर्वी नवऱ्याबरोबर धरणाच्या वसाहतीत राहायच्या, तेव्हा थंडीतापाला ब्रँडी घ्यायचं ठाऊक होतं, तेवढंच. मुलीचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली आणि दुपारी घर मोकळं राहायला लागलं. त्याला आठ वर्षं झाली. कोणी मारलं नाही, कोणी छळलं नाही. मी जणू तेच विचारणार असं समजून त्यांनी ते आधीच सांगून टाकलं. नवऱ्याच्या कपाटात बाटली असायची. त्यातली काढायची आणि वरून थोडं पाणी घालून ठेवायचं.

“बिचारे,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी निम्मं पाणी पितात आणि म्हणतात, आज जास्त झाली.” त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. “संपत आली की नवीन आणतात. कधी विचारत नाहीत इतकी लवकर कशी संपली. माझं नशीब.”

घरातल्या कोणाला माहीत आहे का, हा फॉर्ममधला शेवटून दुसरा प्रश्न होता. त्यांनी नाही म्हटलं. मग फॉर्मवर नाव असतं का, असं विचारलं. मी सांगितलं, नाव नसतं, नंबर असतो. त्यांचा एकशे चौऱ्याऐंशी होता. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.

“मला का सांगितलंत, काकू?” हे विचारायला नको होतं, पण विचारलं.

“तू विचारलंस म्हणून. आजवर कोणी विचारलंच नाही. डॉक्टरकडे गेलं तरी ते ह्यांना विचारतात, तुम्ही घेता का. मला विचारतात, गुडघे दुखतात का.”

माझे वडील प्यायचे. गोलंदाजासारखा एक हात वर करून भर रस्त्यातून ओरडत यायचे आणि सगळी गल्ली त्यांना ओळखून होती. आमच्या दोन खोल्यांत लपवायला जागाच नव्हती. त्यामुळे दारू म्हणजे आवाज, असंच माझ्या डोक्यात होतं. त्या स्वयंपाकघरात सगळं घासूनपुसून ठेवलेलं होतं आणि कुठेही आवाज नव्हता.

मी त्यांना रक्ताच्या तपासणीला आणि सोनोग्राफीला यायला तयार केलं. पाहणीतल्या लोकांसाठी त्या तपासण्या फुकट होत्या. नवऱ्याला थायरॉईड बघायचं आहे असं सांगून त्या रिक्षाने आल्या, रांगेत माझ्याशी ओळख न दाखवता बसल्या आणि गेल्या.

आठवड्याने आमच्या प्रमुख डॉ. पटवेगार मॅडमनी मला बोलावलं. मॅडम कमी बोलायच्या. एकशे चौऱ्याऐंशी नंबरचा कागद समोर ठेवून म्हणाल्या की लिव्हर घट्ट होत चाललंय, पोटात पाणी साठायला सुरुवात झाली आहे.

“आज थांबली तर बरीच वर्षं काढेल. नाही थांबली तर पुढच्या दिवाळीचं मी सांगू शकत नाही. आणि घरच्या घरी एकदम सोडायची नाही, हे नीट सांग. फिट येतात, माणूस जातो. दाखल होऊनच सोडायची.”

त्यांनी बंद पाकीट दिलं. ते त्याच बाईच्या हातात द्यायचं होतं, नवऱ्याच्याही नाही. हा नियम आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवला होता. एका घरातल्या माणसाचं बोलणं त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाकडे न्यायचं नाही. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, लोक आपल्याला दार उघडतात ते फक्त या एका गोष्टीवर.

काकूंनी चिठ्ठी ओट्याशी उभं राहून वाचली. घडी घालून कमरेला खोचली.

“दाखल म्हणजे हे बरोबर येणार,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर यांच्यासमोर विचारणार, किती वर्षं, किती घेता.”

मी म्हटलं, मी येते बरोबर. त्यांनी मान हलवली. आठ दिवस घराबाहेर राहायला यांना काय सांगू, असं विचारलं. मग म्हणाल्या, “त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत. माणूस आयुष्यभर मान ताठ ठेवून राहिलाय. मी हळूहळू कमी करते. तू मॅडमना तसं सांग.”

मी निघाले. शंभर फुटी रस्त्याच्या कोपऱ्यावर नलवडे स्कूटर लावून उभे होते. त्यांना त्या वेळी मळ्यावर असायला हवं होतं. ते मला चहाच्या गाड्याकडे घेऊन गेले, बाकावर बसले आणि दोन चहा सांगितले.

“किती दिवस आहेत, एवढंच सांगा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मला काहीही सांगता येत नाही. तुम्ही काय विचारताय तेही मला कळत नाही.

“मला माहीत आहे हो. आठ वर्षं माहीत आहे.”

आणि त्यांनी चहा हातात धरून, रस्त्याकडे बघत, सगळं सांगितलं. पहिल्या महिन्यातच बाटलीतलं पाणी त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी त्यांनी पेला ओतून दिला आणि बायकोला काही विचारलं नाही. मग त्यांना भीती वाटली की घरात मिळाली नाही तर ती बाहेर जाईल, दुकानात उभी राहील, कोणी बघेल. म्हणून कपाटात बाटली कायम राहील अशी त्यांनी व्यवस्था ठेवली. भंगारवाल्याला रिकाम्या बाटल्या जायच्या तेव्हा शेजारपाजारच्यांना दिसायच्या, म्हणून त्यांनी कॉलनीत स्वतःच सांगायला सुरुवात केली की मी घेतो बुवा रोज. त्यांना स्वतःला साखरेचा त्रास होता. डॉक्टरने मनाई केल्यापासून ते घेतच नव्हते. संध्याकाळी त्या पाणी घातलेल्या बाटलीतून थोडी पेल्यात ओतायची, तासभर धरून बसायचं आणि मोरीत टाकायची.

“आणि मळा?” मी विचारलं.

“मळ्यात काय आहे. दोन आंब्याची झाडं आहेत. मी तिथे बसतो. तिला घर मोकळं हवं असतं ना दुपारी.”

चहावर साय धरली होती. मी म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही त्यांना एका शब्दाने विचारलं नाही?

“विचारणार होतो. एकदा तर अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण तिला कळलं की मला माहीत आहे, तर ती जगायची नाही. मानी बाई आहे.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “आणि खोटं कशाला बोलू, मलाही नको होतं. नवरा पितो म्हटलं तर लोक हसतात आणि विसरतात. बायको पिते म्हटलं तर कोणी विसरत नाही.”

अर्ध्या तासापूर्वी तेच वाक्य मी त्यांच्या बायकोच्या तोंडून ऐकलं होतं, ‘ते जगायचे नाहीत’. एका घरातल्या दोन माणसांच्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या आणि दोघंही समजत होते की आपण दुसऱ्याला वाचवतोय. मला एकदम खूप थकल्यासारखं झालं. अजून चार घरं बाकी होती.

मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, तुम्ही बोला त्यांच्याशी. आज बोला.

“बोलतो,” ते म्हणाले.

चिठ्ठी दिलेल्यांकडे दर आठवड्याला जाऊन ते दवाखान्यात गेले का, एवढं विचारायचं काम आमच्याकडे होतं. त्यामुळे मी दर सोमवारी त्या घरी जायचे आणि परतताना नलवडे कोपऱ्यावर उभे असायचे. पहिल्या सोमवारी म्हणाले, मुलीचा फोन यायचा होता म्हणून राहिलं. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, तिला झोप लागली होती. तिसऱ्या सोमवारी त्यांनी नुसती मान खाली घातली आणि म्हणाले, “बोलतो. या आठवड्यात नक्की.”

मी मॅडमकडे गेले. नाव न घेता सगळं सांगितलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “त्याला माहीत असेल तर त्याने सांगायचं. तू नाही. तुला वाटतंय ते मला कळतंय, पण तू नाही.”

त्या बरोबर होत्या. आजही मला त्या बरोबरच वाटतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा काकूंनी दार उघडायला वेळ लावला. भिंतीला धरून आल्या. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट फिरवल्यासारखा दिसत होता. हात काटकुळे झाले होते आणि पोट पुढे आलं होतं. कमी केली का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन दिवस केली होती, पण अंग इतकं कापायला लागलं की पुन्हा घेतली. मग माझ्यासाठी पाणी आणायला वळल्या आणि पडता पडता ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

“काकू,” मी म्हणाले, “काकांना माहीत आहे.”

त्या पाठमोऱ्याच होत्या.

“काय माहीत आहे?”

“सगळं. बाटलीत पाणी घालता तेही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

त्या सावकाश वळल्या आणि खाली फरशीवरच बसल्या. मला वाटलं होतं, रडतील. कदाचित सुटल्यासारखं वाटेल त्यांना, असंही वाटलं होतं. खरं तर मी त्याच आशेवर बोलून बसले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं.

“म्हणजे हे रोज बघत होते,” त्या म्हणाल्या. “बघत होते, नवीन बाटली आणून ठेवत होते आणि मळ्यावर जाऊन बसत होते.”

मी सांगायला गेले की काकांनी तुमच्यासाठीच केलं, ते स्वतः घेतसुद्धा नाहीत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“जा तू,” त्या म्हणाल्या. “तुला मी नंबर म्हणून सांगितलं होतं. जा.”

मी गेले. कोपऱ्यावर नलवडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः कॉलेजमध्ये फोन करून माझी तक्रार केली. तुमच्याकडची बाई एकाचं दुसऱ्याला सांगते, असं म्हणाल्या. मॅडमनी मला विचारलं, मी हो म्हटलं. मॅडम चिडल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “माणूस म्हणून तू काय केलंस त्यावर मी बोलत नाही. पण हे एका गल्लीत जरी पसरलं तरी उरलेल्या सात जणींना कोणी दार उघडणार नाही.” करार संपायला पाच महिने होते. मी ओळखपत्र आणि पिशवी टेबलावर ठेवली. वाद घालायचं त्राणही नव्हतं आणि घालण्यासारखं काही नव्हतंही.

त्यानंतर त्या घराचं काय झालं ते मला कळलं नाही. विचारायला जायची माझी हिंमत नव्हती. मी काही दिवस एका शाळेत पोरांना जेवण वाढायचं काम केलं, मग रक्त काढायचं शिकून माधवनगरला एका लहान लॅबमध्ये लागले. आजही तिथेच आहे. तिथेच सहा वर्षांनी, एका दुपारी, नलवडे आले.

मी त्यांना पटकन ओळखलं नाही. वाळले होते, हातात काठी होती. मला वाटलं, साखर तपासायला आले असतील. मी बाही वर करायला सांगितली तर म्हणाले, “रक्त द्यायला नाही आलो. कुमुद गेली. महिना झाला.”

मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं ते असं. मी निघून गेल्यावर त्या दिवशी ते चारला घरी आले तेव्हा काकू बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. समोर टीपॉयवर बाटली होती. त्या म्हणाल्या, बसा. आणि त्या दोघांचं जे भांडण सुरू झालं ते तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना रिक्षातसुद्धा चालू होतं. बॅग काकूंनी स्वतः भरली होती. दवाखान्यात डॉक्टरने किती वर्षं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, नवऱ्याकडे बघत. पहिल्या वर्षी दोनदा घसरल्या, पुन्हा दाखल झाल्या. नंतर चार वर्षांवर थेंब घेतला नाही. पण लिव्हर जे बिघडलं होतं ते काही पूर्ण सुधारलं नाही. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

“पहिलं वर्ष फार वाईट गेलं,” ते म्हणाले. “ती आवाज चढवते हे मला लग्न झाल्यापासून माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं. झालं, कॉलनीला कळलं. त्याचं काहीच झालं नाही. दोन बायका डबा घेऊन आल्या, बाकीचे कुजबुजले आणि थांबले. इतकंच होतं ते.” त्यांनी पेला बाकावर ठेवला. “एक वाक्य ती नेहमी म्हणायची. तुम्ही मला सांभाळलं नाहीत, झाकलंत.”

लॅबमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. आत मशीन फिरत होतं. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, “माझ्यावरचा राग गेला होता का त्यांचा?”

“नाही,” ते म्हणाले. “मी दोनदा म्हटलं, त्या मुलीला घरी बोलावू. नको म्हणाली. शेवटपर्यंत नाही गेला.”

मी मान हलवली. त्यांनी खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं, पण त्या बरं वाटण्यात फारसा जोर नव्हता.

“मग आज कसे आलात, काका?”

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“तुमचं काम गेलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. तिने फोन केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं की तीन आठवडे ती मुलगी मला बोला बोला म्हणत होती. मी नाही बोललो म्हणून तिला बोलावं लागलं. जाणारच होतो. आज जातो, उद्या जातो. सहा वर्षं झाली.”

मी म्हटलं, राहू द्या काका, झालं ते झालं.

“नाही. आत्ता मॅडमकडूनच येतोय. त्या निवृत्त झाल्यात, घर शोधत गेलो. सगळं सांगितलं त्यांना. तुम्ही इथे असता ते त्यांच्याकडूनच कळलं.”

“काय म्हणाल्या?”

“ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाल्या, उशीर झाला.”

त्यांच्या परतीच्या बसला अजून वीस मिनिटं होती. बाहेर ऊन होतं म्हणून मी त्यांना आतच बसा म्हटलं, आणि ते बसले.